मास्टच्या लोखंडी तारा अँटेनाला नडतायत का? असं तपासा

हॅम रेडिओचा अँटेना मापात कापलाय, कोॲक्स (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) धड आहे, तरी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) खाली येत नाही, मग एकदा मास्टच्या, म्हणजे अँटेनाच्या खांबाच्या, तणाव्यांकडे बघा, त्याला ताणून धरणाऱ्या लोखंडी तारांकडे. आपल्याला तणावा नुसता आधार वाटतो, पण अँटेनाच्या लेखी ती शेजारची आणखी एक तारच, आणि तिची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास गेली की ती स्वतःच करंट ओढते आणि परत रेडिएट करते, मग पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेला किती सिग्नल जातो ते, वाकडा होतो.

आधी टेप घेऊन तार मोजा. १५० ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्धी तरंगलांबी मीटरमध्ये मिळते, म्हणजे १४.२ मेगाहर्ट्झला साधारण १०.५ मीटर, ७.१ ला २१. या आकड्याच्या किंवा त्याच्या पटीच्या जवळपास असेल तर संशय घ्या. खालचं टोक जमिनीला जोडलेलं असेल तर निम्म्या लांबीलाही धोका आहे, हे बरेच जण विसरतात.

खात्री करायची तर एकेक तार बदलून बघायची. शेजारी आधी दोर बांधून ताणून घ्या, मगच तार सोडा, उलटं केलंत तर मास्ट अंगावर येईल! वारा नसलेला दिवस निवडा, आणि जवळ विजेच्या तारा असतील तर हात लावू नका. दर वेळी एसडब्ल्यूआर लिहून ठेवा. आकडा हलला की चोर सापडला, पण नाही हलला म्हणून तार निर्दोष असं नाही, बीमचा (एकाच दिशेला जोर देणाऱ्या अँटेनाचा) पुढच्या आणि मागच्या बाजूच्या सिग्नलमधला फरक गुपचूप घटलेला असू शकतो.

मग उपाय. तारेचे तुकडे करून मध्ये एग इन्सुलेटर (चिनीमातीचे अंड्याच्या आकाराचे, वीज अडवणारे गोळे) घाला. २८ मेगाहर्ट्झपर्यंतच्या बँडसाठी ३.३ मीटरचे तुकडे चालतात कारण तिथे अर्धी तरंगलांबीच ५ मीटरच्या वर आहे. पहिला इन्सुलेटर मास्टला खेटूनच हवा, आणि मास्टच व्हर्टिकल (उभा) अँटेना असेल तर त्याला पर्यायच नाही. ओवताना दोन्ही तारांचे फासे एकमेकांत अडकले पाहिजेत, म्हणजे चिनीमाती दाबली जाते, ताणली जात नाही आणि उद्या फुटली तरी मास्ट उभा राहतो. मी पहिल्यांदा उलटं ओवलं होतं, दोन्ही फासे बाहेरच्या बाजूला, दिसायला एकदम झकास!

एवढी खटपट नको असेल तर सरळ पॉलिएस्टरचा दोर लावा. नायलॉन नको, ते ताणतं. तारा ठेवणार असाल तर गंजलेले सांधे मात्र बदलाच, तिथे डायोडसारखं (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखं) काम होतं आणि प्रत्यक्षात नसलेले सिग्नल रिसीव्हरमध्ये ऐकू यायला लागतात.