कुमाऊंच्या देवळांची ट्रिप कशी प्लॅन करायची

उत्तराखंड म्हटलं की आपल्याकडे चारधामच धरतात, पण तिथल्याच कुमाऊं भागातली जुनी दगडी देवळं बघायची असतील तर सहा दिवस काढा आणि दिवसाला एकच मोठं देऊळ असं आधीच ठरवा, कारण तिकडे घाटात ४० किमी म्हणजे दीड-दोन तास जातात.

आधी तारखा बघा. एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट. श्रावणात जागेश्वरला, म्हणजे इथल्या मोठ्या शिवस्थानी, जत्रा असते, पण तिकडचा श्रावण हरेला सणाला म्हणजे १६ जुलैच्या आसपासच लागतो, त्यामुळे आपल्या कॅलेंडरवरून बुकिंग करू नका, शिवाय पावसात दरडी कोसळून रस्ते बंद होतात, वयस्कर माणसं सोबत असतील तर मी तरी नको म्हणेन.

दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस धरली की पहाटे काठगोदाम, रेल्वे तिथेच संपते. पुढे अल्मोडा साधारण ९० किमी, शेअर टॅक्सी मिळते, घाट लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या.

अल्मोड्यात दोन रात्री राहा. एक दिवस कटारमलचं सूर्यमंदिर, भोवती ४४ लहान देवळं आहेत. त्याचा कोरीव लाकडी दरवाजा आता दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये ठेवलाय.

जागेश्वरच्या वाटेवर चितईला गोलू देवता, हा न्यायाचा देव, लोक चक्क स्टॅम्प पेपरवर अर्ज लिहून टांगतात आणि काम झालं की घंटा बांधतात. ते अर्ज वाचू नका, फोटोही नको, लोकांची दुखणी आहेत ती.

जागेश्वरला मात्र रात्र काढाच. पहिल्या वेळी आम्ही दोन तासांत उरकून निघालो, ती चुटपुट अजून आहे. देवदारांच्या गर्द बनात सव्वाशेच्या आसपास लहानमोठी देवळं, शेजारून जटागंगा वाहते, आणि संध्याकाळच्या आरतीनंतर गाड्या निघून गेल्या की फक्त पाण्याचा आवाज. ज्योतिर्लिंग स्तोत्रातल्या 'नागेशं दारुकावने' मधलं दारुकावन हेच असं तिथले लोक मानतात. आपण औंढा नागनाथ म्हणतो, पण तिथे वाद घालत बसू नका, आईने औंढ्याला वाहिला तेवढ्याच मनापासून इथेही बेल वाहिला.

शेवटी कौसानी. आभाळ साफ असेल तर पहाटे त्रिशूल, नंदादेवी दिसतात. तिथून जवळच गोमतीकाठी बैजनाथ, पार्वतीची काळ्या पाषाणाची मूर्ती शांतपणे बघा.

मे असला तरी स्वेटर घ्या, कॅश अल्मोड्यातच काढा आणि बाल मिठाई (तिकडची खव्याची मिठाई) परतीच्या दिवशीच घ्या, ताजी घरी पोचते.