घरातलं माणूस रोज पितं आणि आता सोडतो म्हणतंय, तर काय करायचं

पहिलं म्हणजे रोज क्वार्टर-हाफ मारणाऱ्याची दारू झटक्यात बंद करू नका, खोलीत कोंडून तर अजिबात नको. ६-८ तासांत हात थरथरायला लागतात, कप बशीवर वाजतो, घाम फुटतो, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतायत म्हणाला, भलतंच बरळायला लागला तर ती बाहेरची बाधा नाही हो, डिलिरियम आहे, म्हणजे दारू तुटल्याने मेंदू भ्रमलाय, जीव जातो यात, तेव्हा देवऋषी नको, सरळ १०८ ला फोन.

म्हणून सोडायच्या आधीच सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या, किती पितो ते खरं सांगा, गोळ्या आणि व्हिटॅमिन बी१ देऊन डॉक्टर हे दिवस पार करून देतात.

ती 'गुपचूप चहात मिसळा' वाली पावडर प्लीज नको! डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास होतो ते औषध, चोरून दिलं आणि वर तो प्यायला तर बीपी धाडकन खाली येतं.

लाज कसली, २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात दारूसाठी मदत लागणारे ५.७ कोटी निघालेत देशात. १४४४६ ही हेल्पलाइन फुकट आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट, त्यांच्या मीटिंगला पैसे लागत नाहीत, बायकोने स्वतःसाठी अल-अॅनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाला जावं, तिचंही डोकं शिणलेलं असतं. परत प्यायला तर शिव्या न घालता त्याच आठवड्यात पुन्हा डॉक्टरकडे न्या.