पेन्शनवर यायच्या आधी बायकोचं नाव तपासा

शिपाई म्हणून भरती झालो, सुभेदार होऊन पेन्शनवर आलो. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमधले उस्ताद, राष्ट्रीय रायफल्सची (आरआर) टेन्युअर, सियाचेनचा बर्फ हे सगळं तुम्ही भोगलंय, त्याच्या गोष्टी मी सांगत बसत नाही. डिस्चार्जला वर्ष-दोन वर्षं राहिलेल्यांनी पुढचं नीट वाचा. बर्फातून आणि बदल्यांतून निभावलो, पण गावी आल्यावर कागदानं जेवढं रडवलं तेवढं कुणी रडवलं नाही.

आपल्याकडे लग्नात ताम्हनात तांदूळ पसरतात आणि अंगठीनं नवरीचं नवं नाव काढतात. माहेरची शालन सासरी शुभांगी होते. आमच्याकडेही तेच झालं. सुट्टी संपवून युनिटला गेलो, क्लार्कनं नाव विचारलं, मी नवं सांगितलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्या माहितीची सरकारी नोंद, निघाली. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, ती अंदाजानं पडली. पुढं गावात आधार निघालं ते हिच्या शाळेच्या दाखल्यावर. त्यावर माहेरचं नाव आणि जन्मतारीख 1 जून, कारण त्या काळचे गुरुजी निम्म्या वर्गाला 1 जूनलाच जन्माला घालायचे! बँकेनं तिसराच प्रकार केला, नव्या नावाला ‘बाई’ जोडून टाकलं.

नोकरीत असेपर्यंत हे कुठंच अडलं नाही. एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, डिपेंडंट कार्ड दाखवलं की काम व्हायचं. अडलं ते ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेच्या, कार्डाला. ही योजना 2003 पासून आहे, पैसे तर पेन्शनवर येतानाच कापून घेतलेले. काउंटरवरच्या माणसानं पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आधार शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींवर बोट फिरवलं आणि विचारलं, “साहेब, या दोन बायका आहेत का?” हिनं माझ्याकडं जे पाहिलं ते पाकिस्तानी चौकीवरूनही कुणी पाहिलं नव्हतं.

हसू नका. कार्ड आज ना उद्या मिळतं. पण मी गेल्यावर फॅमिली पेन्शन सुरू होणार ती पीपीओवरच्या नावाला. तेव्हा साक्ष द्यायला मी नसणार. तिनं आधार पुढं केलं आणि नाव जुळलं नाही, तर आपणच या माणसाची बायको हे तिनं म्हातारपणी कचेऱ्या पालथ्या घालून सिद्ध करायचं. आमच्या भागात अशा वीरपत्नी आणि विधवा मी पाहिल्यात, कापडी पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन एसटीनं जिल्ह्याला खेपा घालणाऱ्या.

तुम्ही अजून वर्दीत आहात, म्हणून काम सोपं आहे. प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, आधार असं काय लागेल ते जोडून युनिटमध्ये द्या, दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघते आणि रेकॉर्ड ऑफिसच्या शीट रोलला, म्हणजे तुमच्या नोकरीच्या मूळ कागदाला, चढते. नुसतं देऊन गप्प बसू नका, ऑर्डरचा नंबर आणि तारीख स्वतःच्या डायरीत उतरवा, आणि रेकॉर्डला खरंच चढली का ते विचारा. हेच डिस्चार्जनंतर करायला गेलात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, नावबदलाचं राजपत्र, रेकॉर्ड ऑफिस, तिथून प्रयागराजचं पेन्शन कार्यालय, मग सुधारित पीपीओ, मग ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ जास्त झाला तरी कागद परत येतो. मुलांची नावं, त्यांच्या जन्मतारखा यांचंही तसंच. तुमचं स्वतःचं नाव दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि पॅनवर आडनाव शेवटी असेल, तर तेही बघून घ्या.

पण झोप उडवून घेऊ नका. काम होतं. आमचंही झालं, वेळ गेला एवढंच.

कचेरीबाहेरच्या एजंटाला मात्र एक रुपया देऊ नका. तो तुमचाच फॉर्म तुमच्याच सहीनं त्याच टपालपेटीत टाकतो. माझं मत विचाराल तर फौजेतला खरा गुरू म्हणजे हेड क्लार्क. आम्ही त्याला ‘बाबू’ म्हणून हसायचो. शेवटच्या वर्षी त्याच्यासोबत रोज चहा घ्या, सीओसाहेबांच्या शाबासकीपेक्षा तो चहा जास्त उपयोगी पडेल.

पैशाचं थोडक्यात सांगतो. निम्मी पेन्शन विकता येते, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे मिळतात, आणि ती 15 वर्षांनी पूर्ववत होते. रक्कम मोठी दिसते आणि ती कधी येणार हे तुमच्या आधी भावकीला कळतं. जेसीबी घेऊ नका. भाच्याच्या धंद्यात भागीदार होऊ नका. पेन्शनचं खातं बायकोसोबत जोडखातं ठेवा, नाव पुन्हा पीपीओप्रमाणेच.

डीजीआरचा, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसन खात्याचा, कोर्स घराजवळ राहायला मिळतं म्हणून निवडणारे बरेच असतात. मग मेस्को या माजी सैनिक महामंडळामार्फत किंवा बँकेच्या दारात गार्ड म्हणून उभे राहतात. ते काम हलकं नाही, मीही केलंय. पण दहावी पास असून 15 वर्षं नोकरी झाली असेल, तर ग्रॅज्युएशनचं प्रमाणपत्र मिळतं आणि केंद्राच्या गट क मधल्या बऱ्याच बिगरतांत्रिक जागांना ते चालतं. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के जागा आहेत. जाहिरात मराठीत असते, पेपरही मराठीत. इतकी वर्षं हिंदीत बोलून आपलं मराठी शुद्धलेखन गंजलेलं असतं, त्याची तयारी पोस्टवर असतानाच करा. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर आपल्यासारख्यांचे फोटो असतात, फी तेवढी आपल्या खिशातली असते. त्यापेक्षा पाचवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं बॉक्समध्ये टाकून न्या.

आणि घरी आल्या आल्या रोल कॉल घेऊ नका. आपण नसताना घर चाललंच होतं. मी पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा तिच्या सवयीच्या जागी गेले आणि मला दळण आणायला पाठवण्यात आलं.

आज रात्री घरी फोन लावाल तेव्हा बायकोला आधार हातात घेऊन नाव वाचायला सांगा, इंग्रजीतलं, एकेक अक्षर सुटं करून. जन्मतारीखही. लिहून घ्या आणि उद्या सकाळी फॉलइननंतर ऑफिसात जाऊन तुमच्या कागदाशी ताडून बघा.