फोटोग्राफरला बॅकअप विकायचा तर

लग्नसराईत स्टुडिओत जाऊच नका, कुणी चहाही विचारत नाही. मी चातुर्मासात जातो. क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीचं, नाव काढत नाही, विचारतो, "दादा, गेल्या वर्षीची लग्नं कुठं ठेवलीत?" खणातून हार्डडिस्क निघते. बहुतेकदा एकच.

मग त्याच्याच बिलबुकामागे हिशेब मांडायचा: 3,000 रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे) फोटो, प्रत्येकी 30 एमबी, म्हणजे 90 जीबी. 20 एमबीपीएस अपलोडला निदान 10 तास. रात्री लावून झोपायचं, हे आधीच सांगा, नाहीतर सकाळी शिव्या तुम्हालाच.

नोकरी सांभाळून रविवारी शूट करणाऱ्याला महिन्याचा हप्ता जड जातो. त्याला लग्नामागे दर सांगा. तो गिऱ्हाइकाच्या बिलात घालतो.

आणि चाचणीचा एक फोल्डर त्याच्यासमोर उडवून परत आणून दाखवा. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथंच पटलीत.