फ्रान्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी: पाव, लोणी आणि तार्तीन

खोली मिळाली, बँकेत खाते उघडले, तरी सकाळी काय खायचे हा प्रश्न पोह्यांवर वाढलेल्या माणसाला इथे काही दिवस छळतो. त्याचे सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे तार्तीन: पावाच्या एका कापावर लोणी किंवा आणखी काही पसरून, वर दुसरा काप न ठेवता खायचा पदार्थ. न्याहारीला बॅगेट, म्हणजे काठीसारखा लांब पाव, उभी चिरून तिच्यावर लोणी आणि जॅम लावतात व ती वाडग्यातल्या कॉफीत बुडवतात. इराण्याकडे बनमस्का चहात बुडवलेल्यांना हे शिकवावे लागत नाही.

बेकरीत नुसती बॅगेट न मागता ‘त्रादिस्यों’ मागावी. १९९३ च्या सरकारी आदेशानुसार हे नाव लावायचे असेल, तर पाव बनवताना तो गोठवता येत नाही आणि त्यात मिश्रके घालता येत नाहीत. चार पैसे जास्त पडतात, पण ते वसूल होतात. ती मात्र त्याच दिवशी संपवावी. पहिल्याच आठवड्यात मी ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आणि सकाळी हाती चामडे आले. एकट्या राहणाऱ्याने अर्धी मागितली तरी कोणी नाक मुरडत नाही. अनेक दिवस टिकणारा पाव हवा असेल, तर आंबवलेल्या पिठाचा ‘पें द कांपान्य’ घ्यावा. पॅरिसच्या शेर्श-मिदी रस्त्यावर १९३२ पासून असलेल्या प्वालान बेकरीचा गोल पाव तर जवळजवळ दोन किलोंचा असतो आणि तो कापून, चतुर्थांश भागातही मिळतो.

लोण्याच्या वेष्टनावर ‘दू’ असेल तर ते बिनमिठाचे, ‘देमी-सेल’ असेल तर खारे. ब्रिटनी प्रांताला राज्यक्रांतीपूर्वीच्या राजवटीत मिठावरील करातून सूट होती, म्हणून खाऱ्या लोण्याची चव तिथे रुजली. चांगले लोणी विरजलेल्या सायीचे असते. ते खाताना घरच्या ताज्या लोण्याची आठवण झाली, तर ती उगाच झालेली नसते.

दुपारी उपाहारगृहात मिळणारी तार्तीन म्हणजे भाजलेल्या मोठ्या कापावर चीज वगैरे रचलेले पूर्ण जेवण असते आणि ती सुरीकाट्याने खातात. शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये. ‘जांबों’ आणि ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप व तुकडे, नावे घेऊन नाकारावेत. शेळीच्या चीजची, मध घातलेली तार्तीन सहसा मिळते. मात्र पुष्कळशा पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे विकर, असते, त्यामुळे ज्यांना तेही चालत नाही त्यांनी लोणी, मुळा आणि चिमूटभर मीठ यांवर भागवावे. इथले लोकही ते आवडीने खातात.