डेबियन पॅकेज बसते, पण सेवा '२१७/यूजर' दाखवून पडते
कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत्याचे गूळ सौद्यांचे वेब अ‍ॅप डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजमध्ये बांधले. नव्या मशीनवर पॅकेज बसायचे, त्याची मागे चालणारी सेवा मात्र बंद, लॉगमध्ये '२१७/यूजर', म्हणजे सेवा ज्या यूजरच्या नावाने चालायची तो मिळाला नाही. हाताने सुरू केली की चालायची! परवानग्या, पाथ सगळे तपासले. तीन रात्रींत जीव मेटाकुटीला आला.

चूक क्रमाची होती. पोस्टइन्स्टमध्ये, म्हणजे पॅकेज बसताना शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, '#डेबहेल्पर#' या खुणेच्या जागी पॅकेज बांधताना सेवा सुरू करणारा कोड येतो. माझी यूजर तयार करणारी ओळ त्याच्या खाली होती, म्हणून सेवा सुरू होताना यूजर नसायचाच.

आधी 'अ‍ॅडयूजर --सिस्टम --ग्रुप'ची ओळ खुणेच्या वर घेतली. मग कंट्रोल फाइलच्या डिपेंड्समध्ये (आधी लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) अ‍ॅडयूजर लिहून पॅकेज पुन्हा बांधले. तपासण्याआधी जुने पॅकेज पर्ज करा (सेटिंग्जसकट काढा) आणि यूजरही 'डेलयूजर' कमांडने काढा. तो उरला, तर चुकीचे पॅकेजही बरोबर वाटते.