गुन्हा दाखल झाल्यावर काय करावे : नोटीस, जबाब आणि जामीन

आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल झाल्याचे कळले की बहुतेक माणसे आधी ओळखीचा पोलीस शोधतात आणि मग वकील. हा क्रम उलटा असावा. वकील फौजदारी न्यायालयात नियमित उभा राहणारा पाहावा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. महिला आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

त्यानंतर एफआयआरची प्रत मिळवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार संवेदनशील गुन्हे वगळता ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकली जाते. प्रत हाती आल्यावर मजकुराआधी कलमे पाहावीत. गुन्हा दखलपात्र आहे का (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात का), जामीनपात्र आहे का आणि कमाल शिक्षा किती, यांवर पुढचे सगळे ठरते. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर कलमे जुन्या भारतीय दंड संहितेची असतील, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेची.

नोटीस आली तर ती कोणत्या कलमाखाली आहे हे आधी वाचावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा; पुढे नुसती कलमे दिली आहेत ती याच संहितेची. तिच्या कलम १७९ ची नोटीस साक्षीदाराला असते, तर कलम ३५(३) ची नोटीस ज्याच्यावर संशय आहे त्याला. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करू नये, तिची कारणे नोंदवावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. मात्र नोटीस मिळूनही हजर न राहिल्यास अटकेचा मार्ग आपणच मोकळा करून देतो. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असे न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही अशा नोटिशीकडे काणाडोळा करू नये. वकिलामार्फत लेखी उत्तर पाठवून त्याची पोच घ्यावी.

आता जबाबाविषयी. माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळात पक्षकाराला समजावून सांगायला सर्वांत अवघड हाच टप्पा वाटे, आणि अजूनही त्यालाच सर्वाधिक वेळ जातो. याचे कारण म्हणजे सगळीकडून मिळणारा एक सल्ला : ‘तुम्ही काही केलेले नाही ना, मग सगळे सांगून टाका.’ हा सल्ला घातक आहे, आणि निर्दोष माणसासाठी तर अधिकच. दोषी माणूस काय बोलायचे ते ठरवून आलेला असतो. निर्दोष माणूस मात्र आठवेल तसे सांगतो, वेळेचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज मोबाईलच्या कॉल नोंदींशी जुळला नाही की तपासाचा रोख त्याच्यावरच वळतो. असा जबाब खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून सहसा वाचता येत नाही हे खरे, पण तपासाची दिशा त्यातूनच ठरते.

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, आणि हे संरक्षण पोलीस ठाण्यातील चौकशीलाही लागू आहे, हे १९७८ पासून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. म्हणून नाव आणि पत्ता खरा सांगावा, हजर राहावे, सभ्यपणे वागावे, आणि घटनेविषयीच्या प्रश्नाला ‘वकिलांशी बोलून लेखी उत्तर देतो’ एवढेच सांगावे. याला ‘तपासात असहकार्य’ म्हटले जाते, परंतु गुन्हा कबूल न करणे म्हणजे असहकार्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे. या संरक्षणाला मर्यादाही आहे : बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना मौनाच्या हक्कात बसत नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते. मात्र तो सबंध वेळ शेजारी बसेल, अशी अपेक्षा कायदा पूर्ण करत नाही.

सहीबाबत माझे मत ठाम आहे. तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर तो देणाऱ्याची सही घेऊ नये, असे कलम १८१ स्वतःच सांगते. अटक पंचनाम्यावर सही करावी लागते, ती वाचून, वेळ तपासून करावी. कोऱ्या कागदावर मात्र कोणत्याही दबावाखाली सही करू नये. पोलिसांपुढील कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ खाली ग्राह्य नसते, पण कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या माहितीचा तेवढा भाग पुरावा ठरतो. ‘निवेदन पंचनामा’ म्हणतात तो हाच, आणि अनेक खटले त्यावर उभे असतात. मोक्कासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) विशेष कायद्यात तर पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीही चालते. कबुलीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेले, तर ‘मला कबुली द्यायची नाही’ असे तिथे सांगता येते, आणि तसे सांगितल्यास दंडाधिकाऱ्याला पोलीस कोठडी मंजूर करता येत नाही. हे वाक्य पक्षकाराने पाठच करून ठेवावे.

अटक झालीच तर अटकेची कारणे समजेल अशा भाषेत लेखी मागावीत. ती रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मंजूर करून घेण्यासाठी, हजर करण्याच्या किमान दोन तास आधी मिळाली पाहिजेत, असा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आहे. नातेवाइकाला कळवणे, वैद्यकीय तपासणी करणे, आणि २४ तासांत (प्रवासाचा वेळ वगळून) दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे बंधनकारक आहे. मारहाण झाली असेल तर ती डॉक्टरला आणि दंडाधिकाऱ्याला त्याच वेळी सांगावी.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात अटकेची भीती असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व, अटकेनंतर नियमित जामिनाचा अर्ज करावा. तिसरा मार्ग अनेकदा हातचा जातो : दोषारोपपत्र ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षे शिक्षेच्या गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत आले नाही, तर डिफॉल्ट जामिनाचा हक्क मिळतो. पहिल्या रिमांडचा दिवसही यात धरला जातो. मुदत संपली तरी कोणी आपणहून सोडत नाही. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज न्यायालयात पडला पाहिजे, एरवी हक्क संपतो.

दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्यावर पुरावाच नसेल तर दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. नव्या संहितेत त्याला ६० दिवसांची मुदत आहे. तक्रार मुळातच निराधार असेल तर उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली ती रद्द करण्याची मागणी करावी. काही गुन्हे फिर्यादीशी तडजोडीने मिटवता येतात; त्यांची यादी कलम ३५९ मध्ये आहे. यांपैकी काहीही प्रलंबित असले तरी तारखेला हजर राहावे, आणि ते अशक्य असेल तर त्याच दिवशी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्यावा, कारण त्याशिवाय चुकवलेल्या तारखेला अजामीनपात्र वॉरंट निघू शकते.